घाईची पदवी

सास्तूर
१२ जुलै २०२५

चि. इंद्रजित यास दीपालीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी अर्पिता दहावीत गेली. आत्याच्या घरी राहून आता ती तुझ्या दाजींनाच दम देते. जेलमधल्या बापानं उगं काळजी करू नये, अभ्यास करावा, असा तिचा निरोप आहे.

आपण दोघांनी एकाच वर्षी बी.ए.ला नाव घातलं, तू तुझ्या जेलमधल्या केंद्रावर, मी धाराशिवच्या. तू सहा सत्रं करशील, मी मात्र पाचात उरकायचं ठरवलंय. पहिल्या दोन सत्रांचे गुण बघून विद्यापीठाच्या समितीनं परवानगी दिली. अभ्यास काही कमी होत नाही. विषय तेवढेच, श्रेयांक तेवढेच. दर सत्राला जादा विषय उचलायचे आणि शेवटचं सत्र वाचवायचं.

एवढी घाई अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी. तिला पदवी लागते, आणि वयाची अट आहे. सहा सत्रं केली तर मी अटीबाहेर जाते. म्हणून रविवारी वर्ग, इतर दिवशी अंगणवाडी, आणि भांडी झाली की गृहपाठ. लई दमायला होतं रे. पण होईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दीपालीताई

*

मध्यवर्ती कारागृह
३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस इंद्रजितचा सा. न. वि. वि.

पाच सत्रांची बातमी म्या सगळ्या बराकीला सांगितली. केंद्राच्या सरांनी मलाही विचारलं, की तुलाही लवकर संपवायचंय का. मी म्हणालो, सर, मला कुठं गाडी गाठायचीय? ते हसले.

इथं वेळ संपता संपत नाही, आणि तुला तो पुरत नाही. म्हणून एक ठरवलंय. तुझे जादा विषय म्हणजे माझ्या पुढच्या सत्राचेच विषय. मी ते आत्ताच वाचतो आणि टिपणं काढून पाठवतो. सोबत अर्थशास्त्राची पहिली दोन प्रकरणं आहेत. अक्षराला हसू नकोस.

बांधाच्या भांडणात मला शिक्षा लागली, तेव्हापासून माझं लेकरू तू सांभाळतेस. तू पर्यवेक्षिका व्हायलाच पाहिजे. थांबू नकोस.

दाजींना नमस्कार, अर्पीला पापा. आठवण असू दे.

तुझा,
इंद्रजित

*

सास्तूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रजितला आशीर्वाद.

वि. वि. तुझी टिपणं सगळी मिळाली. पुस्तकापेक्षा सोपी आहेत. तरी आज जे लिहितेय ते वाचून तुला वाईट वाटेल.

मागच्या आठवड्यात अंगणवाडीत पोरांची खिचडी झाली, मदतनीस भांडी घासायला मागं गेली, आणि मी भिंतीला टेकले. डोळा कधी लागला ते कळलं नाही. जाग आली ती माणसांच्या आवाजानं. दारात बंडप्पा ट्रॅक्टरवाला उभा, त्याच्या कडेवर माझ्या अंगणवाडीतली, गल्लीतल्या सोनालीची धाकटी. पोरगी चालत रस्त्यावर गेली होती. उसाच्या भरल्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यावर. तो एवढंच म्हणाला, बाई, बरेक लागला म्हणून बरं.

मी सोनालीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती शिव्या देईल. दुसऱ्या दिवशी तीच पोरीला घेऊन आली आणि मला विचारलं, ताई, झोप झाली का? इंद्रजित, त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझे दाजी म्हणाले, आता थोडक्यासाठी सोडू नको, भाकरी मी टाकतो. टाकल्याही बिचाऱ्यांनी. पण मला नाही होत. केंद्रावर जाऊन सांगितलं की मला नेहमीच्या गतीनं करायचंय. जादा विषय पुढच्या सत्रांत गेले. मिळवलेले श्रेयांक कुठं जात नाहीत, फक्त सत्रं परत सहा झाली. पर्यवेक्षिकेची जागा गेली.

रागावू नकोस. तुझ्या मेहनतीचं मला लई वाईट वाटतं.

ताई

*

मध्यवर्ती कारागृह
१४ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावलो, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना सांगून बसलो होतो. त्या दिवशी जेवलो नाही.

मग समजलं, की घाई तुझ्यापेक्षा मलाच जास्त होती. तू मोठ्या जागेवर गेलीस की माझ्यापायी तुझं जे जे राहिलं ते भरून निघेल, आणि मला हलकं वाटेल. तुझ्या झोपेचा हिशोब मी कधी केलाच नाही. सोनालीनं परक्या घरची असून विचारलं. मी भाऊ असून लिहिलं, थांबू नकोस.

टिपणं काढायचं मात्र बंद केलं नाही. आता ती दोघांची.

सर म्हणाले, आता शेवटची परीक्षा तुम्ही बहीणभाऊ एकाच वेळी द्याल. तू धाराशिवला, मी इथं, पण वेळ तीच आणि प्रश्नपत्रिकाही तीच. ताई, मला तर वाटणार, तू मागच्याच बाकावर बसलीस. काही अडलं तरी हाक मारू नकोस. सर पेपर काढून घेतील.

तोवर निजत जा.

तुझा,
इंद्रजित