नांगरलेल्या रानाचा फोटो

प्रिय आत्या,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं तेच लिहितो.

अनुदान मंजूर झालं. न नांगरता पेरायचं यंत्र येईल. तू लेकीकडे राहायला गेल्यापासून एकट्यानं बी टोकताना माझी कंबर मोडत होती, म्हणून अर्ज केला होता.

कृषी अधिकारी पाहणीला आले. तुझ्या उतारावरच्या तुकड्यातला पेंढा सारून मी त्यांना गांडुळं दाखवली. लोक हसले तरी आत्यानं इथं कधी नांगर लावू दिला नाही, हेही ऐटीत सांगितलं. ते कौतुकानं बघत राहिले आणि म्हणाले, "मग यात नवीन काय? अनुदान नव्यानं नांगरणी सोडणाऱ्यांना आहे. आधीचा फोटो लागतो, नांगरलेल्या रानाचा."

दुसऱ्याच्या रानाचा फोटो चालत नाही, त्यावर जागेची नोंद उमटते. मग मी ट्रॅक्टर सांगितला. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "नक्की ना? म्हातारी मला जिवंत सोडणार नाही." मी हसलो. त्यानं नांगर खाली टाकला, तेव्हा मात्र रानाकडे पाठ करून उभा राहिलो. फोटो छान आला. साहेब खूश झाले.

काल फोनवर तू नेहमीसारखी आधी मातीची चौकशी केलीस.

"मऊ आहे," मी म्हणालो.

"तशीच ठेव हो," तू म्हणालीस.

आत्या, मी खोटं बोललो नाही. नांगर फिरल्यावर थोडे दिवस माती मऊच असते.

तुझा भाचा