वरच्या बर्थचा पडदा

१२ मे, सकाळ
उद्यापासून चार दिवस डोंगरात, कॅम्परव्हॅनमध्ये. मी आणि ढब्बू. शाळेपासूनचा जिवलग, हे नावही मीच ठेवलेलं. गाडी मी चालवणार, तो शेजारी बसून गप्पा मारणार. फुल रिलॅक्स. कशावरही चिडायचं नाही, असा संकल्प.

१२ मे, संध्याकाळ
ढब्बूचा फोन. मेहुणाही येतोय म्हणे, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ट्रकचे गिअरबॉक्स दुरुस्त करतो. मी म्हणालो, अरे वा! माझं मन मोठं आहे. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

१३ मे
घाटात झकास चालवली. पेट्रोल पंपावर रिव्हर्स घेताना खांब मध्ये आला. मागचा दिवा फुटला. मेहुण्यानं लगेच टेप काढली, हे जास्त लागलं. ती लावून दिवा बसवलासुद्धा. ढब्बू म्हणाला, आता जरा यालाच चालवू दे. हे ‘जरा’ अजून संपलेलं नाही.
पुढे सीट दोनच. मी मागे, शेगडीशेजारी. इथून व्ह्यू वेगळा दिसतो. जे मागे गेलं तेवढंच.

१४ मे
तळ्याकाठी मुक्काम. मेहुण्यानं चाकांखाली फळ्या सरकवून व्हॅन अशी सरळ उभी केली, की कपातला चहा हलेना. ढब्बू सारखा म्हणतोय, मानलं बुवा! इतक्या वर्षांत मला एकदाही मानलेलं नाही.
आणि आता मेहुणाही त्याला ढब्बू म्हणतो. माझ्यादेखत! नुसता जळफळाट झाला. इथे लिहिलं, विषय संपला.
संपला नाही. भर दुपारी वरच्या बर्थवर चढून पडदा ओढून घेतला. काय झालं, असं कुणीतरी विचारेलच. ढब्बूनं खालून विचारलं, साखर कुठे आहे?

१५ मे, सकाळ
दोघं तळ्यावर तोंड धुताहेत. पडदा तसाच ठेवून गुपचूप उतरलो. खडकामागून लिहितोय. निघताना मी दिसणार नाही. ढब्बू हाका मारून मारून रडकुंडीला येईल. मग मी सावकाश बाहेर येईन, माफ करीन. मेहुण्यालासुद्धा.

थोड्या वेळानं
आले. हसताहेत. फळ्या काढल्या. ढब्बू पुढे बसला. शोधायला सुरुवात कुठून करावी, हे ठरवत असावा.

नंतर
व्हॅन गेली. बहुतेक मला शोधायलाच.

दुपार
तळ्याकाठी एक घडीची खुर्ची राहिली होती. तीत बसून वाट पाहिली. व्हॅन परत आली! मी पाठ फिरवून, चेहरा कठोर करून बसलो. ढब्बू धावत आला. म्हणाला, ऊठ ऊठ, खुर्ची घ्यायचीय. खुर्ची घडी करून काखेत मारली, मग माझ्याकडे नीट पाहिलं. अरे, तू खाली कधी उतरलास? तुझी झोप मोडू नये म्हणून आम्ही वाटभर हळू बोलत होतो!
मी म्हणालो, आत्ताच.
खुर्ची मेहुण्याची होती.