वरून सोडलेली खिचडी

गुरुजी, गेल्या आठवड्यात मी आपल्या शाळेत पोरांच्या पंगतीत जेवायला बसलो होतो. या वयात, गुडघे धड वाकत नसताना, भिंतीचा आधार घेत घेत खाली टेकलो आणि मांडीवर स्टीलचं ताट घेतलं. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, काय रे, घरी सुनेनं वाढलं नाही का? तर गुरुजी, वाढणारी माझी सूनच होती. तेच सांगायला बसलो आहे. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. यवतमाळच्या स्टँडवर तुमच्या नेरकडचा एक माणूस चहा पिता पिता म्हणाला, "ते कवितावाले मास्तर? ते तर केव्हाच गेले ना बापू." हातातला चहा निवला, माझी लोहाऱ्याची बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि त्या दिवशी कारखान्यात माझा खाडा पडला. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलतो. कागदावर आज पहिल्यांदा.

शाळेची कौलं गेली, वर स्लॅब पडला. भिंतीवर हात हातात धरलेली पोरं रंगवली आहेत, निळी, पिवळी, हिरवी. तुमच्या वेळी भिंतीवर फक्त ओल होती. तुम्ही येण्याआधी आम्ही बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोरं दाराशी, चपलांच्या बाजूला बसायचो. आम्हाला तिथं कोणी बसवलं होतं असंही नाही. आमचे थोरले भाऊ तिथं बसत आले, म्हणून आम्हीही. तुम्ही आलात आणि कुणाला उठवलं नाहीत, भाषण केलं नाहीत. एक कविता शिकवलीत. पोरागणिक एक ओळ वाटून दिलीत आणि एवढंच म्हणालात, "ज्याची ओळ ज्याच्या मागून येते, तो त्याच्या शेजारी बसेल." माझी ओळ होती 'पळसाखालून वाहते पाणी'. त्यानंतरची, 'ऊन बसून भिजवते पाय', ती गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या पोराची. मी दारापासून उठलो आणि खिडकीशी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो. खिडकीतून खरंच पळस दिसायचा. मला तेव्हा वाटलं होतं की जागा कवितेनंच मला दिली आहे, आणि ती आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

त्या पोराचा बाप चौथ्या-पाचव्या दिवशी आला. धोतराचा सोगा हातात, आवाज चढलेला. "गुरुजी, आमचं पोट्टं तांड्यावरच्या पोट्ट्याले घासून बसून राह्यलं, हे काय चाललं?" तुम्ही खडू खाली ठेवलात आणि अगदी अडचणीत सापडल्यासारखा चेहरा केलात. "मी काय करू दादा? दोघांच्या ओळी लागून आहेत. मधे दुसरं कोणी बसवलं तर कविता मोडते. कवीला विचारा." "कोन्या गावचा आहे तो कवी?" "शोधावा लागेल," तुम्ही म्हणालात. तो माणूस पुटपुटत गेला आणि आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं की कविता तुमचीच आहे. मला ते पुष्कळ वर्षांनी उमगलं, जेव्हा कुठल्याच पुस्तकात ती सापडेना.

एकदा तुम्ही मला रागावलात, तेही आठवतं. पिंजाऱ्याच्या मुलीची ओळ तिच्या ओठावर येत नव्हती. ती खाली बघत उभी, वर्ग खुसखुसतोय, आणि मी अधीर होऊन तिची ओळ म्हणून टाकली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत! "ती ओळ तुझी आहे का? नाही ना? मग थांब. तिला लागेल तेवढा वेळ आपण सगळे थांबू." आणि आपण खरोखर थांबलो. बाहेर बैलगाडी गेली, कुणीतरी शिंकलं, कुणीतरी जांभई दिली. मग तिच्या तोंडून ओळ आली, बारीक आवाजात, आणि पुढच्या पोरानं आपली जोडली. इतकं साधं होतं ते. पण पुढच्या हंगामात, ऐन वर्षाच्या मधे, तुमची बदली झाली. पुसदच्याही पलीकडे, जिथून महिन्यातून एकदा तुमचं घर, नेर, गाठणंही मुश्कील. तक्रारीचा अर्ज कुणी केला हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नवे मास्तर आले, त्यांनी कविता शिकवली नाही, पाढे शिकवले, आणि आठ दिवसांत आम्ही पुन्हा दाराशी होतो. मी घरी रडलो तर बा म्हणाला, "बसाले भेटलं ना थोडे दिवस? झालं मंग." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं होतं.

आता आजचं सांगतो. माझी सून शाळेत पोषण आहार शिजवते. तिला ते काम मिळालं तेव्हा गावातल्या मोठ्या घरांनी महिनाभर आपल्या पोरांना घरून डबे दिले. तांड्यावरच्या बाईच्या हातचं कसं खायचं म्हणून. ती रोज घरी येऊन चुलीपुढे पदराला डोळे पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन खिचडी टाकायची. हळूहळू डबे बंद झाले. तिच्या हाताला चव आहे, पोरं किती दिवस अडून राहणार? मला सुनेचा फार अभिमान वाटला होता गुरुजी. मी तर तिला म्हटलंही होतं, बाई, तू आमच्या गुरुजींची विद्यार्थिनी शोभली असतीस.

यंदा टेकडीपलीकडच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक मुलगी शाळेत यायला लागली. आई-बाप नाहीत, आजीजवळ राहते. मराठी कमी बोलते, पाण्याला ईर म्हणते आणि पोरं त्यावरून तिला चिडवतात. हे मला त्याच शाळेत जाणाऱ्या माझ्या नातीकडून कळायचं. एक दिवस नात जेवता जेवता कौतुकानं सांगते, "आजा, ते पोडावरची पोट्टी ताट हातात नाही धरत, खाली ठेवते. आई वरून सोडते खिचडी. इतक्या वरून! एक दाणा बाहेर नाही जात आईचा." आणि तिनं चमचा खांद्याएवढा उंच धरून दाखवला. सून तिथंच भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

मग एक दिवस दाणा बाहेर गेला. गरम पातळ खिचडी मुलीच्या मनगटावर पडली. ती ओरडली नाही म्हणे, ताट तिथंच ठेवून उठली आणि चालत पोडावर निघून गेली. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. मी काठी घेऊन पोडावर गेलो. तिची आजी तुराट्यांच्या ताटीशी बसली होती. मुलगी आत, अंधारात, मनगटाला हळद लावलेली. आजीनं मला ओळखलं. "तुयीच सून ना ते, बापू?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "उपाशी राह्यली तरी चालते आमची पोर. बकऱ्या राखन. पन भाकर कुत्र्याले टाकते तशी नोको." पाणी मात्र तिनं मला विचारलं, आणि मी ते तांब्याला तोंड लावून प्यालो.

हेडमास्तर तरुण आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "काका, माझ्याकडे सगळी मुलं सारखी. भिंतीवर बघा ना." मी म्हटलं, भिंतीवरची पोरं जेवत नाहीत. त्यांनी उठून दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो. पाठवावंच लागेल. पण काम कुणाचं जाईल ते तुम्हाला माहीत आहे." मी उठलो. लेखी दिलं नाही. तिच्या पगारावर आमचं घर चालतं असं नाही, पण तिनं ते काम किती अपमान गिळून टिकवलं ते मी रोज पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो. घरात आम्ही आमची गोरबोली बोलतो, तुमच्यासाठी इकडच्या बोलीत लिहितो. मी विचारलं, काहून असं वाढतेस पोरीला? ती म्हणाली, "मामाजी, पोट भरते ना मी तिचं? तिले शिवून मंग बाकीच्याईले वाढलं, तर त्या मोठ्या घरच्या बाया पुन्हा डबे सुरू करतीन. मले म्हनलंच त्याईनं, तुले चालवून घेतलं, आता पोडावरचं नोको चालवू. तुम्हाले आठवते ना माया महिना कसा गेला?" मी म्हटलं, आठवते म्हणूनच विचारतो. तेव्हा ती चिडली. "तुमचं बरं आहे. तुम्हाले कविता येतात." आणि भांडी आदळत आत गेली. गुरुजी, दाराशी बसलेल्या माणसाला आत जागा मिळाली की तो दार ओढून का घेतो, हे तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. ती दुष्ट नाही. ती घाबरलेली आहे. पण मनगट भाजायचं ते भाजलंच.

म्हणून मी पंगतीत बसलो. आजीच्या हातापाया पडून मुलीला घेऊन आलो आणि टोकाला तिच्या शेजारी बसलो. पोरांना गंमत वाटली. "आजोबा नापास झाले का हो?" एकानं विचारलं. मी म्हटलं, हाव, जेवणात. मुलगी हसली नाही. सून बादली घेऊन ओळीनं येत होती. माझ्यापुढं आली, पदर सावरला, वाकली आणि माझ्या ताटात खिचडी घातली. मग मुलीचं ताट. ते खाली जमिनीवर होतं. मी मुलीला म्हटलं, उचल, हातात धर. ती धरेना. पंगत खायची थांबली. मागची पोरं ओरडली, "मावशी, इकडं या ना!" सून उभी, मुलगी खाली बघत, आणि मी काही बोललो नाही, ताटही तिच्या हातात दिलं नाही. बऱ्याच वेळानं मुलीनं ताट उचललं, दोन्ही हातांनी. सून वाकली. पळी ताटाच्या काठाला लागली, तसा आवाज झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी रोज जाऊ लागलो. दोन दिवसांनी काही घरांचे डबे आले. जास्त नाही, पण आले. घरी येऊन सून म्हणाली, "तुम्ही बसता तवा वाकते मी. तुम्ही नसाल तवा कोन्या घरच्या बाया मले पाहतात, ठाऊक आहे ना?" हेडमास्तरांनीही सांगितलं की बाहेरच्या माणसानं रोज पंगतीत बसणं नियमात बसत नाही, पण काही दिवस ते पाहून न पाहिल्यासारखं करतील. ते खरंच तसं करताहेत. त्यांचंही भलं होवो.

आज सकाळी गुडघे इतके सुजले की खाटेवरून उतरता आलं नाही. मी गेलो नाही. दिवसभर पडून तुम्हाला हे लिहितो आहे. पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. दुपारी सून शाळेतून आली, पाय धुतले, चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि थोडी थांबली, जशी मी काही विचारीन म्हणून. पोर आली होती का आणि कशी वाढलीस, एवढंच मला विचारायचं होतं. मी म्हटलं, चहा चांगला झाला.