हिरवी खूण

सोमवार, ३ मार्च

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी खोली, नवा पांढरा कोट. कोट दोन मापं मोठा आहे. आई म्हणाली, हळूहळू अंगात भरशील. पस्तिशीत कसली भरतेय मी! पण तिची कळी खुललेली बघून कोट तसाच चढवला. दादाने तिला "थोडे दिवस" म्हणून माझ्याकडे सोडलंय आणि सोबत तिची ट्रंकही पाठवलीय. न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. वहिनी म्हणालीच होती की या वयात शिकून काय दिवे लावणार. लावते, बघच. वर्षभरात फार्मसी टेक्निशियनचं प्रमाणपत्र हातात पडलं की रुग्णालयात कायमची नोकरी, आईच्या हृदयाच्या गोळ्या तिथूनच फुकट, आणि दादाच्या दारात पुन्हा पाऊल नाही.

गुरुवार, ६ मार्च

काम आवडलं. चिठ्ठी वाचायची, फळीवरचा डबा काढायचा, दोन्हींवरचं नाव बोट ठेवून वाचायचं. गोळ्या निळ्या ताटात ओतून चपट्या पट्टीने पाच-पाच सारायच्या आणि कडेच्या पन्हळीतून पाकिटात सोडायच्या. हात लावायचा नाही. दर वेळी ताट पुसायचं, कारण पन्हळीत एखादी गोळी अडकली तर ती पुढच्या माणसाच्या पाकिटात जाते.

सगळ्यात पक्का नियम दुसऱ्या नजरेचा. भरणाऱ्याने आपलंच तपासून चालत नाही. पाकीट आणि चिठ्ठी टोपलीत ठेवून भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत ढकलायची. तिथल्या बाई तपासतात. चुकलं तर लाल फुली, बरोबर असेल तर हिरवी खूण, शाळेत बाई करायच्या तशी, खाली येऊन वर वळणारी. मला अजून एकही फुली नाही! साहेब, म्हणजे आमचे मुख्य औषधतज्ज्ञ, म्हणाले की हात चांगला आहे. अश्शी फुगले मी.

शुक्रवार, १४ मार्च

पलीकडच्या बाई जेवायलाही बाहेर येत नाहीत. आज त्यांच्यासाठी जास्तीची पोळी-भाजी आणली होती. साहेब म्हणाले, आपण बरं नि आपलं काम बरं. शेवटी साफसफाईच्या मावशींना गाठलं. फडका पिळता पिळता त्यांनी सांगितलं. तपासणाऱ्या बाईंची जागा म्हणे केव्हाच बंद झाली. साहेब न बघताच खुणा करायचे. माझ्या आधी एक शिकाऊ मुलगी होती, तिच्या पन्हळीत गोळी अडकली आणि एक बाळंतीण दगावली. साहेबांनी सगळं तिच्या माथी मारलं. ती रडत त्या खोलीत शिरली. बाहेर येताना तिला कुणी पाहिलं नाही.

मग आता खुणा कोण करतं, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, पोरी, प्रमाणपत्र घे आणि नीघ.

मंगळवार, १८ मार्च

आज पाकिटात गोळ्यांऐवजी कोटाचं बटण घातलं आणि टोपली ढकलली. हिरवी खूण.

बटणाला! शाई ओली होती. तडक खोलीच्या दाराशी गेले. कुलूप गंजलेलं, उंबऱ्यावर धूळ, एक पाऊल उमटलेलं नाही. साहेबांना सांगितलं तर ते दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, वरून तपासणी येते तेव्हा खूण लागते, खूण मिळते, पगार कुणाला द्यावा लागत नाही. तुला कुठे दुखतंय? खिडकी नको असेल तर प्रमाणपत्रही नको, असं समजू. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना! आणि सगळे जेवतात, हसतात, सुट्ट्या मागतात.

घरी आई कोटाला बटण लावत बसली. दादाला फोनवर सांगत होती, माझी लेक आता माझी औषधं सांभाळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. उद्या मीही ढकलणार. फक्त आधी स्वतः दोनदा तपासेन.

बुधवार, २ एप्रिल

दोनदा तपासत होते. मग एकदा. खरं सांगायचं तर आता — खूण आली की बरं वाटतं.

बोटाला हिरवी शाई लागलीय. मी हिरवं पेन वापरत नाही. साबणाने जात नाही.

सोमवार, ७ एप्रिल

छत्रीवाले आजोबा गेले.

ऊन असो वा नसो, छत्री घेऊन यायचे. मला डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्यांच्या पाकिटात साखर उतरवणारी पिवळी गोळी होती. त्यांना साखर नव्हतीच. उपाशीपोटी घेतली.

माझं ताट. माझी पन्हळ. पुसायचं राहिलं — गर्दी होती. नाही. गर्दी नव्हती. खूण येणारच म्हणून मी बघितलं नाही.

साहेबांनी हात झटकले. भरलं कुणी? तू.

मंगळवार, ८ एप्रिल

उद्या चौकशी. खोली रिकामी आहे हे दाखवलं तर साहेबही अडकतील. एकटी नाही बुडणार मी. कुलपाला नुसता हात लावला, ते गळून पडलं.

आत एक स्टूल, खिडकी, हिरवं पेन. लाल पेन शोधलं. लाल पेन नाहीच. कधी नव्हतंच —

स्टूल गरम आहे. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

जरा टेकले. आता दार कुठे गेलं?

वार माहीत नाही

डाव्या हाताने लिहितेय. उजवा माझं ऐकत नाही.

नवी मुलगी आलीय. कोट तिलाही मोठा. चुकते, मी ओरडते, तिला ऐकू जात नाही. हात खूण करतो. ती फुगते.

आधीचीही अशीच ओरडत असेल. आणि मी बटण पाठवलं तिला. बिचारी —

आज

आईचा आवाज. खिडकीपलीकडे. दादा म्हणतोय, पळाली ती, म्हातारीला माझ्या गळ्यात टाकून. आई म्हणतेय, माझी लेक तशी नाही. आई गं —

चिठ्ठी आईची. टोपली आली.

पांढऱ्या गोळ्यांत एक पिवळी.

आई, घेऊ नकोस. पेन फेकून दिलं. बोटातूनच शाई येतेय. फुली हवी, कुठल्याही रंगाची, नुसती फुली, दोनच रेघा. एक खाली ओढली. दुसरी तिला छेदून गेली पाहिजे. छेदून. आई, मी इथे आहे. छेदून — नाही, वर वळतेय ती, वर व