आमची ऐकण्याची मोहीम

४ मार्च
सत्ता जाऊन चार महिने झाले. खचलेलो नाही. मुळात आपण हरलोच नाही. आपलं काम लोकांना कळलं नाही, एवढंच. शिवाय मला पाडून जो निवडून आला त्याला वरची खुर्ची मिळाली म्हणून त्याने राजीनामा दिला, त्यामुळे माझी जागा पुन्हा रिकामी. जूनमध्ये पोटनिवडणूक. तिकीट मलाच. दुसरं आहे कोण?
आजपासून दोन संकल्प. रोज पाच किलोमीटर चालायचं. कमी बोलायचं.

५ मार्च
आभाळ भरून आल्यासारखं वाटलं. चाललो नाही.
कार्यकारिणीची बैठक. पक्षाने आणखी डावीकडे सरकायचं की मधोमध राहायचं, यावर दुपारभर खल. शेवटी 'मधोमध राहून डावीकडे पाहायचं' असं एकमताने ठरलं. अध्यक्षबाई म्हणाल्या की आपण ऐकत नाही अशी लोकांची तक्रार आहे. ती कशी खोटी आहे हे मी अर्धा तास समजावून सांगितलं. तरी 'ऐकण्याची मोहीम' काढायचं ठरलं, आणि प्रमुख मी! तिकिटाचीच ही पहिली पायरी.

९ मार्च
पुस्तिका लिहून झाली. 'आम्ही लोकांचं कसं ऐकतो', पानं बेचाळीस. प्रत्येक सभेत आधी ती वाचून दाखवायची, म्हणजे आपण ऐकणार आहोत हे लोकांच्या नीट लक्षात येईल. हिला दोन पानं वाचून दाखवली. ही दातांची डॉक्टर. दवाखान्यातून फोन आला म्हणून उठून गेली. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

१४ मार्च
पहिली सभा, शाळेच्या हॉलमध्ये. सरकारी गाडी आणि ड्रायव्हर गेल्यापासून हीच मला नेते-आणते. सभा संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहते बिचारी.
वाचन उत्तम झालं. मग लोकांना म्हटलं, आता बोला. तोवर वॉचमन पंखे बंद करायला लागला होता. एक नर्स उठली. संध्याकाळची हॉस्पिटलची बस बंद झाल्यापासून, एवढंच म्हणाली. मी लगेच सांगितलं की तो विषय पान एकतीसवर येऊन गेला.
बाहेर येऊन पाहतो तर दहाबाराजण हिच्याभोवती. फुकटात दात तपासून घेत असणार. लोकांना काही वाटत नाही.

२२ मार्च
तिसरी सभा. आज बेकरीवाला उठला. पुन्हा तीच बस. मग एक निवृत्त मास्तर. बस. लोक क्षुल्लक गोष्टीत अडकून बसतात, व्यापक प्रश्नावर येतच नाहीत. अहवालात 'इतर' या सदरात टाकलं. 'इतर' फारच फुगत चाललंय.
परत येताना गाडीत हिला काहीतरी माझ्या कानावर घालायचं होतं. म्हटलं, आधी मोहीम संपू दे.

३ एप्रिल
मेहुण्याचं ऑपरेशन झालं, त्याला भेटायला संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. हिची गाडी गॅरेजमध्ये. येताना फाटकाशी बसची वाट पाहत उभा. पाय भरून आले, बस येईना. पानवाला म्हणाला की पाचनंतर इथे बस नसतेच. हद्द झाली! घरी येऊन नव्या सरकारला झोडपणारं कडक पत्रक लिहिलं.
हिने वाचलं आणि म्हणाली की ती बस गेल्या वर्षी माझ्याच सहीने बंद झाली.
साफ गैरसमज. मी बस बंद केलेली नाही. मी मार्गांचं सुसूत्रीकरण केलं होतं.
पत्रक पाठवलं नाही. भाषा जरा जहाल झाली होती.

१९ एप्रिल
तिकीट जाहीर झाल्यावर करायचं भाषण लिहायला घेतलं. सुरुवात विनम्र हवी, म्हणून पहिल्या परिच्छेदात 'विनम्र' चार वेळा घातलं. ऐन रंगात आलेलो, तेवढ्यात ही दारात येऊन म्हणाली की अध्यक्षबाईंचा फोन होता, त्या काही विचारतायत, माझी हरकत नाही ना. म्हटलं, छे छे, खुशाल हो म्हण. अक्कलदाढ असावी. पक्षासाठी एवढं करायलाच हवं.

२ मे
तिकीट हिला.
कानामागून आली आणि तिखट झाली! अध्यक्षबाईंना फोन केला. म्हणाल्या, सगळ्या सभांमध्ये लोक एकाच माणसाशी बोलले. शिवाय माझी संमती त्यांनी आधीच घेतली होती.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुपारी जेवलो नाही. मग थोडं जेवलो. संध्याकाळी ही शेजारी येऊन बसली, म्हणाली की राग आला असेल तर आत्ताच बोल, मी नाव मागे घेते. म्हटलं, राग कसला, पक्षाचा निर्णय आहे. ती बराच वेळ बसून राहिली.
दिवसभर फारसं बोललो नाही, म्हणजे एक संकल्प पार पडला.

४ मे
हिच्या प्रचाराचा सविस्तर आराखडा तयार केला. हिने तो वजन करून बघितल्यासारखा हातात धरला आणि बाजूला ठेवला. मला एकच काम दिलंय : संध्याकाळी हॉस्पिटलच्या बसस्टॉपवर जाऊन बसायचं. पुस्तिका न्यायची नाही.
माझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे काम! तरी जाईन. शिस्त म्हणजे शिस्त.

५ मे
स्टॉपवर एक बाई आल्या. हातात रिकामा डबा. नवरा आत आहे. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग त्याच बोलू लागल्या. शेवटची बस पाचला, डॉक्टर येतात सहाला. घरी पोरी वाट पाहतात म्हणून रोज पाचलाच निघावं लागतं, त्यामुळे नवऱ्याचं काय चाललंय ते दुसऱ्यांकडून कळतं. आज डॉक्टरांना भेटायचंच म्हणून थांबल्या. आता चालत जाणार होत्या.
एकट्या कशा जाणार, म्हणून सोबत निघालो. पाच किलोमीटर सहज भरले असतील. वाटभर त्या बोलत होत्या. दाराशी पोचल्यावर म्हणाल्या की मी फार भला माणूस, पण ही बस ज्या शहाण्याने बंद केली तो एकदा समोर यायला हवा.
मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओळख मात्र सांगितली नाही.