काचेतलं जंगल

प्रिय आई,

जेजू बेटावरून तुझ्या सुन्योंगचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे?

आमचा कॅफे छान चाललाय. पण जंगलाकडच्या ज्या मोठ्या काचेचा फोटो मी तुला कौतुकाने पाठवला होता, तिच्यावर मागच्या आठवड्यात एक आठरंगी पाखरू आदळून मेलं. काचेत दिसणारं जंगल त्याला खरंच वाटलं. समुद्र ओलांडून ते इथे घरटं बांधायला आलं होतं गं.

त्याला न्यायला आलेला सरकारी माणूस म्हणाला, "जगात फार थोडी उरलीत. मारलं तर तुरुंग आहे."

मी घाबरले. "मग आता आम्हाला?"

"काचेला कायदा नाही, ताई."

सासूबाई ऐकत होत्या. "साधी भिंत घाला म्हणत होते मी. तुम्हाला जंगल घरात हवं होतं!"

आता काचेवर कागदाच्या पट्ट्या लावल्यात. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत. तू काळजी करू नकोस.

त्या पाखराचा जोडीदार मात्र रोज झाडीतून हाका मारतो. थांबतो, पुन्हा मारतो. सासूबाई दारात जाऊन त्याला म्हणतात, "पुरे रे बाबा, जा आता दुसऱ्या रानात." तो काही जात नाही.

बाबांना जप.

तुझीच,
सुन्योंग