कोरा कागद आणि दादाचं पत्र

पणदरे, मंगळवार, १९९४

सुमे, सांगते तसंच लिही, सुधारू नकोस.

आज कळंबहून एक पाहुणा आला. माझ्या भावाचं, दादाचं, पत्र घेऊन. बापाच्या जमिनीत माझा वाटा हाय, त्याचं काम निघालंय, म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा द्या म्हणं. शाईची डबीसुद्धा खिशात. केवढी माझी काळजी!

तुला विचारलं, पत्राच्या वर काय लिवलंय? तू म्हणालीस, "आजी, श्री."

बुद्धाचा धर्म घेतल्यापासून दादानं वर 'जय भीम' लिवल्याबिगर एक पत्र धाडलं न्हाय.

"पाहुणं, च्या घ्या. दादाला संगं आणा, त्याच्यासमोर देते."

"आक्का, काम घाईचं हाय."

"मग घाईनं जावा की."

गेला. च्या तसाच ठेवून.

वर 'श्री', म्हंजी पत्र दादाच्या हातचं न्हाय. पण जमिनीचा गट नंबर त्याला तोंडपाठ. तो कुणी सांगितला? दादाच्या पोरानं? का दादानंच धाडला व्हता त्याला? दमले बाई इचार करून.

दादानं हितं बसून मागितलं असतं, तर सगळा वाटा दिला असता मी. हे लिहू नकोस.

बरं, लिही.